थंड खोलीतलं कार्ड

कॅनडातल्या आमच्या थंडर बेमध्ये जानेवारीत लोक एकमेकांना दोनच प्रश्न विचारतात: गाडी सुरू झाली का, आणि पाइप गोठले का. मला तिसरा प्रश्न विचारणारा एकच माणूस उरला होता, तो वेइक्को. दर बुधवारी तो कॉफीला यायचा, बूट दारात काढायचा, कोट मात्र काढायचा नाही, आणि खुर्चीत टेकायच्या आधीच विचारायचा, "काय रे आर्वो, सौना कधी तापवतोस?"

"बघू," मी म्हणायचो. सौना म्हणजे आम्हा फिनलंडकडच्या लोकांची वाफेची खोली, दगड तापवायचे, वर पाणी टाकायचं आणि घाम काढत बसायचं.

"दोन वर्षं बघतोयस. डोळे दुखत नाहीत का तुझे?"

मग मी कॉफी ओतायचो, म्हणजे विषय बदलायचा. वेइक्को शहात्तर वर्षांचा, माझ्यापेक्षा चांगला मोठा, पण कागद कारखान्यात आम्ही एकाच पाळीत होतो, त्यामुळे मोठेपणाबिठेपणा काही नाही. तो तिथला इलेक्ट्रिशियन होता. मी कंट्रोल रूममध्ये. कागदाचं यंत्र जरा जास्त पळवलं की कागद फाटतो, जरा हळू चालवलं की मॅनेजर फाडून खातो, आणि या दोन्हींच्या मध्ये जी बारीक रेघ असते तिच्यावर नजर ठेवण्यात माझं आयुष्य गेलं. मला ते काम मनापासून आवडायचं. हे मी कारखाना बंद होईपर्यंत कुणाला बोललो नाही.

कारखाना बंद झाला, मग माझी बायको हेल्वी गेली. मुलंबाळं आम्हाला नव्हती. घरात बघायला एक काटासुद्धा उरला नाही. भाच्यानं फोनवरून सल्ला दिला, मामा, एक चांगला कॉम्प्युटर घे, आगगाड्या चालवायचा खेळ असतो, तुला आवडेल. घेतला. खेळाचा कंटाळा आठ दिवसांत आला. पण पडद्याच्या कोपऱ्यात ग्राफिक्स कार्डाचं तापमान, त्याला जाणारी वीज आणि त्याचा वेग असे आकडे हलत असायचे, त्यांचा कंटाळा आला नाही. ते आकडे बघत बसलो की घरात कुणीतरी काम करतंय असं वाटायचं.

हे कार्ड म्हणजे पडद्यावरची चित्रं काढणारा कामगार. बनवणारी कंपनी त्याला एक वेग ठरवून देते आणि वर थोडी जागा हातची राखून ठेवते. ती राखलेली जागा शोधून काढायची, हा आमचा उद्योग. आम्ही म्हणजे जगभर विखुरलेले असेच काही रिकामटेकडे, जे इंटरनेटवर एका कट्ट्यावर जमतात. बाहेरच्यांना वाटतं, यात धाडस लागतं. कसलं डोंबलाचं धाडस! सोशिकपणा लागतो. वेग एक पायरी वाढवायचा आणि चाचणी लावून गप्प बसायचं. पडद्यावर रंगीत ठिपके उडायला लागले किंवा चित्र गोठलं की समजायचं, हद्द झाली. मग मुकाट्यानं दोन पायऱ्या खाली यायचं. नवशिका असतो तो हद्दीवरच थांबतो आणि दुसऱ्या दिवशी बोंबलतो.

व्होल्टेजचंही तसंच. व्होल्टेज वाढवलं की वेग टिकतो, हे अर्धंच खरं. व्होल्टेजमागून उष्णता येते, उष्णता वाढली की कार्ड आपणहून वेग उतरवतं, आणि आपण बसतो हात चोळत. म्हणून शहाणा माणूस आधी उलटं करतो: आहे तोच वेग किती कमी व्होल्टेजवर टिकतो ते बघतो. जी उष्णता वाचली ती आपली कमाई. विजेची मर्यादा वाढवायची ती कंपनीनं दिलेल्या पट्टीच्या आतच. आणि सगळ्यात शेवटी थंडावा. कार्डाच्या चिपवरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट सुकली होती, ती मी खरवडून नवी लावली, पंखे पूर्ण वेगानं सोडले. नशिबानं माझ्या पदरी पडलेली चिप गुणाची निघाली. प्रत्येकाची निघत नाही, एकाच साच्यातल्या दोन चिपांत सख्ख्या भावांइतका फरक असतो.

तर या कट्ट्याची हिवाळ्यातली स्पर्धा होती. एकाच जातीचं कार्ड, थंड करायला फक्त हवा, कंपनीच्या मर्यादेबाहेर जायचं नाही, आणि चाचणीचा आकडा ज्याचा मोठा तो यादीत वर. त्या यादीत मी दुसरा होतो. पहिली होती मूस जॉ गावची एक बाई, नाव लावायची चिनूक. तिचं खरं नाव मला ठाऊक नव्हतं, पण तिच्या कार्डाला कुठल्या व्होल्टेजवर घाम फुटतो ते ठाऊक होतं. माझ्या शेजाऱ्यांबद्दल मला एवढीही माहिती नव्हती.

आणि फक्त हवेवर खेळायचं, तर हवा आमच्यासारखी कुणाकडे असणार? तळघरात माझा सौना आहे. सौनाच्या बाहेर कपडे बदलायची छोटी खोली, तिला जमिनीलगत एक खिडकी. कॉम्प्युटर मी तिथं हलवला. कपडे वाळवायच्या यंत्राची चंदेरी नळी खिडकीतून आत घेऊन थेट कार्डावर सोडली. बाहेर उणे पंचवीस असलं की कार्ड असं खूश व्हायचं की विचारू नका. कार्डापेक्षा त्याच्या नळ्यांचाच पसारा मोठा झाला, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. घर गरम ठेवणाऱ्या भट्टीची तळघरातली झडप मी बंद करून टाकली. थंडी हळूहळू जिना चढून स्वयंपाकघरापर्यंत आली. वेइक्को कोट काढत नसे तो त्यामुळे.

कट्ट्यावर एक नियम सगळ्यांना पाठ असतो: ज्या खोलीत राहायचं, त्या खोलीच्या उबेत कार्ड जुळवावं. थंडीत जुळवलेलं कार्ड उन्हाळ्यात तोंडावर पाडतं. मी हा नियम नवशिक्यांना समजावून सांगायचो. स्वतः मात्र मी त्या खोलीत राहत नव्हतो, असं माझं म्हणणं होतं.

दुसरा नियम आणखी कडक. थंडगार कार्ड एकदम उबेत आणायचं नाही. बाहेरून आत आल्यावर चष्म्याच्या काचेवर जे होतं, तेच कार्डावर होतं, आणि ओल्या कार्डात वीज सोडली की खेळ खलास. आता विचार करा, अशा कार्डाच्या शेजारी, एका लाकडी भिंतीपलीकडे, दगडांवर पाणी ओतून वाफ काढायची जागा. म्हणून मी सौना तापवत नव्हतो. वेइक्कोला हे कसं सांगणार? सौना बंद ठेवला कॉम्प्युटरसाठी, असं एका फिनलंडच्या रक्ताच्या माणसानं दुसऱ्याला सांगायचं म्हणजे जातीबाहेर जाण्याचं काम. म्हणून दोन वर्षं "बघू".

खरं सांगायचं तर कार्ड नसतं तरी मी तो तापवला नसता. हेल्वी गेल्यावर एकदा तापवला होता. ती नेहमी खालच्या बाकावर दाराजवळ बसायची, बादली तिच्या पायाशी, आणि पाणी टाकायचा मान तिचा. त्या शनिवारी मी वरच्या बाकावर बसून राहिलो आणि पाणी कोण टाकणार याची वाट बघत राहिलो. वाट बघतोय हे माझ्या लक्षात आलं तेव्हा उठून बाहेर आलो. त्यानंतरच्या आठवड्यात कॉम्प्युटर खाली नेला. माणूस कारणं नंतर शोधतो.

त्या बुधवारी वेइक्को आला आणि त्यानं प्रश्न विचारला नाही. खुर्चीत बसला, कप दोन्ही हातांत धरला.

"रिक न्यायला येतोय," तो म्हणाला. रिक त्याचा मुलगा, तिकडे पश्चिमेला केलोनात. "रविवारचं विमान."

"किती दिवस?"

"कायमचं. जिन्यावरून पडलो ना मागं, तेव्हापासून त्याच्या बायकोनं धसका घेतलाय. मला म्हणते, बाबा, इथं बर्फ नसतो फारसा. मी म्हटलं, मग तुम्ही हिवाळाभर करता तरी काय?"

मला हसू आलं नाही. मी उठून उगाच सिंकमधला चमचा धुतला.

"शनिवारी सौना घेऊ," वेइक्को म्हणाला. "शेवटचा. माझ्या इथल्या नव्या खोलीत सौना नाही, केलोनात तर नसणारच. तुझ्याकडेच घ्यायचा, दुसऱ्या कुणाकडं नाही. आपण तिघं बसायचो तिथं."

आणि शनिवारीच संध्याकाळी सहाला स्पर्धेची मुदत संपत होती. हवामान खातं सांगत होतं की शनिवारी थंडीचा मोठा लोट येणार, उणे पस्तीसच्या आसपास. अशी थंडी मी हिवाळाभर मागत होतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "सौनाचा हीटर बिघडलाय."

"काय झालं?"

"कॉइली जळाल्यात."

"सगळ्या?"

"सगळ्या."

वेइक्कोनं माझ्याकडे पाहिलं, मग कपात पाहिलं. "बघ, वापरला नाही की यंत्र रुसतं," एवढंच म्हणाला आणि निघून गेला. मला वाटलं, सुटलो. आणि असं वाटल्याची लाजही वाटली, ती मी कट्ट्यावर चिनूकशी पंख्यांच्या वेगावर वाद घालून घालवली.

शुक्रवारी सकाळी दार वाजलं. वेइक्को. एका काखेत हत्यारांची जुनी पेटी, दुसऱ्या काखेत खोकं.

"कॉइली," तो म्हणाला. "तुझ्या हीटरच्या मापाच्या. मिळत नव्हत्या, दुकानदाराला गोदामात घुसवलं."

चोराच्या मनात चांदणं. माझे कान गरम झाले, त्या घरात गरम झालेली ती बहुधा एकमेव वस्तू. "अरे कशाला... मी मागवणार होतो..."

"तू मागवशील तेव्हा मी केलोनात टरबुजं खात असेन. सर बाजूला."

तो जिना उतरला, एकेक पायरी, कठड्याला धरून. कपडे बदलायच्या खोलीत थबकला. चंदेरी नळी, उघडी खिडकी, बाकावर मांडलेला कॉम्प्युटर, पंखे घोंघावतायत. हेल्वीचा झगा अजून त्याच खुंटीवर होता, त्याच्यावर मी कॉम्प्युटरच्या वायरी टांगल्या होत्या. वेइक्कोनं सगळं एकदा नीट बघितलं.

"हे काय, कारखाना काढलास?"

"छंद आहे."

"फार थंड छंद आहे बाबा." मग त्यानं पेटी खाली ठेवली. "जा, बेकरीतून वेलदोड्याचा पाव घेऊन ये. बे स्ट्रीटवाल्या. इथं मिळतो तसा तिकडं मिळायचा नाही. आणि सावकाश ये. दगड काढायचे, परत रचायचे, कुणी मानेवर श्वास टाकत उभं राहिलं की माझे हात चालत नाहीत."

मी गेलो. गाडीत बसून काय बोलायचं त्याची तयारी केली. तो हीटर उघडणार, कॉइली धडधाकट आहेत हे त्याला एका नजरेत कळणार, आणि मग? त्या बुधवारपर्यंत आयुष्यात एकदाही मी या माणसाशी खोटं बोललो नव्हतो. बेकरीत रांग नव्हती तरी मी रांग असल्यासारखा उभा राहिलो.

परत आलो तर तो सौनात खालच्या पायरीवर बसला होता. हात काळे, पेटी बंद. हीटरवर दगड जागच्या जागी.

"झालं," तो म्हणाला. "तुझं खरं होतं. पार कोळसा झाल्या होत्या. बदलल्या."

मी हीटरवरच्या दगडांकडे पाहिलं. "जुन्या कुठायत?"

"गाडीत टाकल्या. भंगारात देऊन टाकेन. आता उद्या साडेपाचला येतो, तापवून ठेव. सबब संपली तुझी."

सुंठीवाचून खोकला गेला, म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. पण वाटलं भलतंच. मला त्याची कीव आली. कारखान्यात अख्ख्या यंत्राची तार हातानं चाचपून दोष सांगणारा हा माणूस, आणि याला आता चांगली कॉइल आणि जळकी कॉइल कळत नाही. डोळे गेले, म्हटलं. रिक नेतोय ते बरोबरच आहे. पाव खाताना मी त्याला दोन तुकडे जास्त वाढले, लहान मुलाला वाढतात तसे.

शनिवारी थंडी आली ती सांगितलेल्या वेळेच्या आधीच आली. दुपारीच घराच्या भिंतींचे खिळे कडकड वाजायला लागले. मी ठरवलं होतं: चारपर्यंत काय व्हायचं ते होऊ दे, मग खिडकी बंद, कॉम्प्युटर बाहेर, हीटर चालू. सौना तापायला तास जातो. सगळं बसत होतं.

पहिल्या चाचणीत कार्ड माझ्याच जुन्या आकड्याच्या पुढे गेलं. एक पायरी वर. टिकलं. आणखी एक वर, तर चित्र गोठलं. मी व्होल्टेज पट्टीच्या टोकापर्यंत नेलं, मग पुन्हा थोडं मागं आणलं, कारण टोकावर उष्णता वाढून उलट वेग उतरत होता. मेमरीचा वेग कमी केला. असं असतं, कधीकधी एक गोष्ट सोडली की दुसरी धरता येते. चार वाजून गेले. चिनूकचा आकडा अगदी हाताशी होता आणि बाहेर थंडी उतरतच होती. ऊन गेलं की आणखी उतरेल, मी म्हटलं. पाच वाजता म्हटलं, आता एकच. बोटं बधिर झाली होती, मी ती काखेत धरून पडद्यासमोर बसलो होतो, आणि खोटं कशाला बोलू, फार आनंदात होतो.

वरून दार वाजलं. मग पावलं, एकेक पायरी.

वेइक्कोच्या एका हातात टॉवेल, दुसऱ्या हातात सौनात अंगावर मारून घ्यायची, फ्रीजरमध्ये उन्हाळ्यापासून जपलेली बर्च झाडाच्या डहाळ्यांची जुडी, खिशातून सॉसेजचं पाकीट डोकावतंय. भुवयांवर बर्फ. त्यानं सौनाच्या दाराला हात लावून पाहिला. काच गार होती.

"तापत नाही का?"

"अजून लावला नाही. जरा एवढं... सहापर्यंतच मुदत आहे. मग लगेच लावतो. तू वर बस, वर कॉफी आहे."

"वर कशाला बसू? मी सौनाला आलोय." त्यानं काचेचं दार उघडलं. "तू तुझं आटप. मी आत बसतो."

"आत अंधार आहे, गार आहे."

"मग कोट आहे की अंगात."

तो आत गेला आणि दार लावून घेतलं. मी शेवटची चाचणी सुरू केली. आकडे असे सुंदर चालले होते! एक ठिपका नाही, एक झटका नाही. पंखे एका सुरात. अर्ध्यावर आलं तेव्हाच मला कळलं की मी पुढं जाणार, थोडं नव्हे, चांगलंच पुढं. यादीत पहिलं नाव माझं. हे कुणाला तरी दाखवावं म्हणून मी वळून काचेतून आत बघितलं.

वेइक्को वरच्या बाकावर कोपऱ्यात बसला होता, त्याच्या नेहमीच्या जागेवर. कोट, टोपी, मांडीवर टॉवेल, हातात डहाळ्या. अख्खा सौना रिकामा होता, तरी तो कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. त्यानं माझी जागा सोडली होती. आणि खालच्या बाकावर दाराजवळची जागा, जिथं तो पाय ठेवून आरामात बसू शकला असता, तीही सोडली होती. पाय जवळ ओढून घेतले होते, हेल्वीला अडचण होऊ नये म्हणून घ्यायचा तसे.

मी पडद्याकडे वळलो. चाचणी संपायला थोडकंच राहिलं होतं, हे मला दिसत होतं. मी ती बंद केली. का, ते विचारू नका. ती संपेपर्यंत थांबलो असतो तरी वेइक्को कुठं पळून चालला नव्हता. पण मला त्याच्याकडे बघून परत आकड्याकडे बघवेना.

वीज काढली, वायरी उपटल्या, कॉम्प्युटर कचऱ्याच्या मोठ्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधलं आणि बाहेर गॅरेजमध्ये नेऊन फळीवर ठेवला. थंडीतून थंडीत, म्हणजे त्याला काही होणार नव्हतं. खिडकी लावली, नळीचा बोळा करून कोपऱ्यात फेकला. मग हीटरचं बटण फिरवलं.

वेइक्कोनं दार किलकिलं केलं. "हरलास?"

"थांबवलं."

"माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी कशाला? मलाच थंडी वाजत होती."

"मग ठीक आहे. नाहीतर उपकार झाले असते, विमानात जड झाले असते."

दगड तापायला लागले तसा दोन वर्षांच्या धुळीचा जळका वास आला, मग हळूहळू लाकडाचा. आम्ही स्वयंपाकघरात कॉफी घेत बसलो, सॉसेज चंदेरी कागदात गुंडाळून दगडांच्या कडेला ठेवले होते. मग खाली गेलो. कपडे काढताना मी खुंटीवरच्या वायरी काढल्या आणि हेल्वीचा झगा नीट टांगला. वेइक्को म्हणाला, "पाणी तू टाक," आणि मी खालच्या बाकावर, दाराजवळ बसलो. पहिली पळी टाकली. दगड फुत्कारले आणि वाफ मानेवर उतरली.

"ती फार टाकायची," वेइक्को म्हणाला.

"हो. तू कुरकुरायचास."

"कुरकुरलो नसतो तर तिला मजा आली नसती."

मी रडलो. चांगला आवाज करून रडलो. वेइक्कोनं डहाळ्यांनी स्वतःची पाठ झोडपायला सुरुवात केली, जरुरीपेक्षा जास्त जोरानं, आणि माझं होईपर्यंत थांबला नाही. नंतर आम्ही अंगणात बर्फात उभे राहून सॉसेज खाल्ले. जाताना दारात तो म्हणाला, "हीटर चांगला चाललाय."

"तू बसवलास ना," मी म्हटलं, आणि पुन्हा मला त्याची कीव आली.

रविवारी तो गेला. विमानतळावर रिक घाईत होता, मिठी मारायचं राहून गेलं.

सोमवारी चिनूकनं विचारलं, इतकी थंडी पडली आणि तुझा आकडा कुठाय? मी लिहिलं, पाहुणे होते. तिनं लिहिलं, भाग्यवान आहेस.

कॉम्प्युटर मी पिशवीसकट आत आणला, पूर्ण दिवसभर तसाच बांधलेला ठेवला, मगच उघडला. आता तो स्वयंपाकघरात टेबलावर आहे. तळघराची झडप मी उघडली आहे, घर माणसांच्या घरासारखं उबदार आहे, आणि या उबेत माझे थंडीतले सगळे आकडे कोसळले. पहिल्याच चाचणीत चित्र गोठलं. मी सुरुवातीपासून पुन्हा बसलो. वेग खाली, व्होल्टेज त्याहून खाली, विजेची मर्यादाही उतरवली, पंखे इतके हळू की घड्याळ ऐकू येतं. यादीत आता मी खूप खाली असेन. पण कार्ड टिकतं. बुधवारी मी सवयीनं दोन कप काढले आणि एक परत ठेवला.

शनिवारी सौना तापवायचं ठरवलं. सबब नव्हतीच. आधी फरशी घासावी म्हणून गुडघ्यावर बसलो, खालच्या बाकाखाली हात घातला, तर बादलीच्या मागं भिंतीला लागून काहीतरी होतं. ओढलं. खोकं. कॉइलींचं. दुकानाची चिकटपट्टी जशीच्या तशी, उघडलेलंच नव्हतं.

मी ते मांडीवर घेऊन त्या ओल्या फरशीवर बसलो. काळे केलेले त्याचे हात आठवले. पाव वाढताना त्यानं मला "पुरे" म्हटलं होतं, ते आठवलं. मी वाढलेले ते दोन जास्तीचे तुकडेही आठवले.

मग उठून हीटर लावला, दगड तापेपर्यंत खोकं मांडीवर घेऊन बाहेरच्या खोलीत बाकावर बसलो, आणि फोन लावला.

"बोल," वेइक्को म्हणाला. मागं टीव्ही चालू होता.

"हीटर तापवतोय."

"कसा चाललाय?"

खोकं माझ्या मांडीवर होतं. "झकास," मी म्हटलं. "नव्या कॉइली आहेत ना."

"मग? बसवणारा कोण होता?"

टीव्हीचा आवाज बंद झाला.

"तिकडं काय करतोस शनिवारी?" मी विचारलं.

"रिककडं गरम पाण्याचा टब आहे अंगणात. बसतो त्यात. सूपातल्या गाजरासारखं वाटतं." मग आवाज उतरवून म्हणाला, "आर्वो, तापलाय का रे आतापर्यंत?"

"तापलाय."

"मग जरा ऐकव की."

"फोनला वाफ लागेल."

"लागेल," तो म्हणाला.

मी दार उघडलं, फोन धरलेला हात आत घातला, दगडांच्या जवळ, आणि दुसऱ्या हातानं पळीभर पाणी सोडलं. फुत्कार उठला, वाफ माझ्या मनगटावरून फोनवर गेली, काच पांढरी झाली. तो आवाज विरेपर्यंत मी हात तसाच धरून ठेवला. मग फोन पुसून कानाला लावला.

"अजून एक टाक," वेइक्को म्हणाला.